नऊ नंबरचा बिल्ला

ते पुस्तक मी इंग्लंडमधल्या बोस्टनच्या शनिवारच्या बाजारात घेतलं, जुन्या चाव्या आणि लोणच्याच्या बाटल्या विकणाऱ्या एका टपरीवर. मुखपृष्ठावर आमच्याच बोस्टनच्या चर्चचा उंच मनोरा होता आणि मनोऱ्याला दोरखंडाने बांधलेलं, धूर ओकणारं एक हवाई जहाज. मी तिथंच भुलले.

मला असली पुस्तकं आवडतात आणि त्याची मला लाज वाटत नाही. एकतीस वर्षं मी एका विमा कंपनीसाठी बॉयलर तपासले. वाफ काय करू शकते आणि काय नाही, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे राणी व्हिक्टोरियाच्या काळात वाफेवर आगबोटी उडतात, वाफेवर हिशेब होतात, वाफेवरचा पोस्टमन दारात येऊन शिट्टी मारतो, असलं काही वाचताना मला दुप्पट मजा येते. एक मजा गोष्टीची, दुसरी लेखकाच्या चुका काढण्याची. या पुस्तकात मात्र चुका सापडेनात. लेखिकेचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण बाईला कामाची जाण होती. त्या रात्री आंघोळीच्या टबमधलं पाणी गार झालं तरी मी वाचतच होते.

तिच्या इंग्लंडमध्ये साल १८८७ होतं आणि इतिहासाने एक वेगळंच वळण घेतलं होतं. राणीच्या इंजिनीयरांनी आमच्या किनाऱ्यावरची वॉश नावाची अख्खी खाडी उपसून समुद्राच्या तळावर एक नवा परगणा वसवला होता. चारशे पंपघरं अहोरात्र चालायची, थांबली तर आठवड्याभरात समुद्र परत. अशा एका पंपघराच्या पाणचाकाखाली एक प्रेत सापडतं. अंगात तिथलाच गणवेश, हातांना तिथल्याच कामाचे घट्टे, पण तिथले सातही कामगार शपथेवर सांगतात, हा माणूस आम्ही जन्मात पाहिलेला नाही. तपासाला येते मिस थर्झा पेल, सरकारी बॉयलर तपासनीस, छत्रीच्या मुठीत वाफेचा दाब दाखवणारा काटा बसवलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. आता माझ्याच धंद्यातली बाई गुप्तहेर म्हटल्यावर मी काय पुस्तक खाली ठेवते? तिसऱ्या प्रकरणातच मी खुनी ठरवून टाकला. सातही जण खोटं बोलतायत, सातांनी मिळून मारलाय.

हे पुस्तक मी एकटीने संपवलं नाही, कारण पहिली तीन प्रकरणं वाचल्यावर मला ते आल्डरफेनला न्यावंसं वाटलं.

आल्डरफेनचं पंपघर स्पाल्डिंगपासून सात मैलांवर आहे. चहूकडे कोबीची सपाट शेतं, मधून सरळ रेघेत जाणारा कालवा आणि त्याच्या काठावर विटांची इमारत आणि धुराडं. आत तुळईचं जुनं वाफेचं इंजिन आहे. त्याला लागून विटांचीच एक अरुंद, बंद, ओली खोली आहे. तिच्यात इंजिनाच्या जोरावर फिरून पाणी उपसणारं, दुमजली घराएवढं लाकडी फळ्यांचं पाणचाक टांगलेलं आहे. खोलीत जायला कमरेएवढ्या उंचीचं एक लोखंडी दार. खरा उपसा आता विजेचे पंप करतात. आमचं इंजिन वर्षातून चार रविवार लोकांना दाखवायला चालतं, आणि ते चालावं म्हणून आम्ही आठ बिनपगारी वेडे दर बुधवारी तिथं जाऊन तेल-ग्रीस करतो.

तिथला एक कायदा आहे, दीडशे वर्षांचा. दाराशी एक फळी आणि तिला बारा खिळे, बारा पितळी बिल्ले. दुसरी रिकामी फळी वाफेच्या व्हॉल्व्हजवळ. कुणीही चाकाच्या खोलीत किंवा यंत्राच्या पोटात शिरायचं म्हटलं, की आपला बिल्ला दाराच्या फळीवरून काढायचा, व्हॉल्व्हच्या फळीवर लावायचा. त्या फळीवर एकही बिल्ला असेल तोवर वाफ सोडायची नाही. आणि मुख्य म्हणजे, आपला बिल्ला आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला शिवायचं नाही, मग आभाळ कोसळो. आमच्या सिरिलच्या वडिलांच्या वेळेला एकजण बिल्ला विसरून स्वतःच्या लग्नाला गेला होता. त्याला चर्चमधून बोलावून आणलं, कोटात फूल खोचलेल्या नवऱ्यामुलाने बिल्ला काढला आणि मग परत बोहल्यावर. तोवर यंत्र थांबलेलं.

आम्हा आठ जणांचे एक ते आठ नंबर, माझा चार. नऊ ते बारा कुणाचेच नाहीत. शोभेला लटकतात, आमच्यातली म्युरिएल त्यांना पुसते.

सिरिल मॉट म्हणजे आमचा चालक. वय चौऱ्याऐंशी. आजाने हे इंजिन चालवलं, बापाने चालवलं, आता हा. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोनदा स्वयंपाकघरात पडला होता. मुलीने ठरवून टाकलं, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ती त्याला कॉर्नवॉलला घेऊन जाणार, कायमचा. तो रविवार नेमका आमच्या वाफेच्या दिवसांतला शेवटचा.

"एकदा चालवून जातो," तो म्हणाला. "मग तुम्ही मला खुशाल समुद्राकाठी नेऊन वाळत घाला."

माझं या म्हाताऱ्यावर फार प्रेम आहे. हे मी त्याला कधी बोलले नाही, पण त्या उन्हाळ्यात मी जे जे केलं ते त्याचा तो शेवटचा फेरा व्हावा म्हणूनच.

तर बुधवारी साडेबाराला डबे उघडले की मी एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. सिरिल डोळे मिटून ऐकायचा. कीथ, जो आयुष्यभर पोस्टमन होता आणि आयुष्यभर कुणाची ना कुणाची थट्टा करत आला, तो मधे मधे धुराड्याचे आवाज काढायचा. म्युरिएल चहा ओतायची. बाकीचे चौघं खात ऐकायचे, ऐकत खायचे. खुनी कोण यावर पैजा लागल्या होत्या.

"ऑड्री म्हणते सातही जण," कीथ म्हणाला. "म्हणजे चूक व्हायची सोयच नको."

"तू वाट बघ," मी म्हटलं.

पुस्तकातलं पंपघर आमच्यासारखंच होतं. लोखंडी दार, बिल्ल्यांच्या दोन फळ्या, सगळं. मला त्यात विशेष वाटलं नाही. लेखिका कधीतरी आमच्याकडे येऊन गेली असणार, तिकीट काढून शेकडो लोक येतात.

जूनमध्ये सहावं प्रकरण आलं. थर्झा पेल पाणचाकाच्या फळ्या तपासते. सगळ्या ओकच्या, पण सतरावी फळी एल्मच्या लाकडाची, नवी, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली, आणि पाचवा खिळा वाकडा.

सिरिलने डोळे उघडले.

"काय म्हणालीस? परत वाच."

मी परत वाचलं. त्याने पुस्तक मागून घेतलं, भिंग लावून स्वतः वाचलं आणि पहिलं पान उलटून छपाईचं साल बघितलं. पुस्तक तीन वर्षांपूर्वीचं होतं. आमच्या चाकाची सतरावी फळी सिरिलने आणि मी, दोघांनीच, गेल्या जानेवारीत बदलली होती, एल्मची, तांब्याच्या खिळ्यांनी. पाचवा खिळा वाकला तेव्हा सिरिलने घातलेली शिवी मला अजून आठवते.

"ओक कुठंच मिळत नाही," मी म्हटलं. "सगळी पंपघरं एल्म वापरतात. आणि वाकडा खिळा तर दर फळीत एक असतो."

"असेल," सिरिल म्हणाला. पुस्तक माझ्या हातात परत देत म्हणाला, "ऑड्री, ती फळी मी डावीकडून धरली होती."

"हो. आणि मी उजवीकडून. खांदे भरून आले होते माझे."

"दोन्ही हातांनी धरली होती ना आपण?"

"मग काय एका हाताने? ओली फळी ती."

"मग हातोडा कुणाच्या हातात होता?"

कीथने धुराड्याचा आवाज काढायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आळीपाळीने मारले असणार," मी म्हटलं. "एकाने धरायचं, एकाने ठोकायचं."

"असेल," सिरिल परत म्हणाला आणि सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं.

जुलैमध्ये म्युरिएलची गंमत सुरू झाली. ती चहाचे नऊ मग भरायला लागली. एकदा झालं तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा कीथ म्हणाला, "म्युरिएल, नवव्याचं नाव तरी सांग, नवऱ्याला कळवतो." तिसऱ्यांदा ती स्वतःच वैतागली. "हाताला सवय लागलीय मेली," ती म्हणाली, आणि नववा मग मोरीत ओतला. त्यात तिने न विचारता दोन चमचे साखर घातलेली मी पाहिली होती. आमच्यात साखर कुणीच घेत नाही. म्युरिएल बहात्तर वर्षांची आहे, या वयात माणूस गोंधळतो, एवढंच मी मनाशी म्हटलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी व्हॉल्व्हच्या फळीवर नऊ नंबरचा बिल्ला लागलेला होता.

डबा आणायला आत गेले तेव्हा तो पहिल्यांदा मीच पाहिला. बाहेर आले, तर आम्ही आठही जण उन्हात, बाकांवर. मी सगळ्यांना मोजलं, मग कीथकडे पाहिलं.

"फार विनोदी आहेस."

"काय केलं मी?"

"नऊ नंबर."

तो उठून बघून आला. "मी नाही लावला."

"कीथ, चेष्टेलाही जागा असते. या फळीशी खेळायचं नाही."

"अगं पण मी लावलाच नाही. बिल्ल्याची चेष्टा मी करेन? माझा काका अशाच चाकाखाली गेला."

हे खरं होतं. त्याच्या काकाची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तरीही मी मनात कीथच्या नावापुढे खूण करून ठेवली, कारण दुसरं नाव नव्हतं.

बिल्ल्याला कुणी हात लावला नाही. कायदा तो कायदा. त्या दिवशी वाफ सोडायची नव्हतीच, त्यामुळे काही अडलंही नाही. जेवण झालं, एक प्रकरण झालं. सव्वा वाजता आत गेलो तर नऊ नंबर दाराच्या फळीवर आपल्या खिळ्याला परत लटकत होता आणि लोखंडी दारापासून तिथपर्यंत फरशीवर ओल्या बुटांचे ठसे होते. मोठे बूट, डावी टाच झिजलेली. कीथने मुकाट्याने आपला बूट ठशाशेजारी ठेवून दाखवला. बूट दोन बोटं लहान होता.

"बुटांचे जोड दुकानात मिळतात," मी म्हटलं.

म्युरिएलने पोछा मारला आणि विषय तिथं संपला. मी सिरिलकडे पाहिलं तर तो दाराच्या फळीपुढे उभा होता, नऊ नंबरचा बिल्ला अंगठ्याने चाचपत.

"झिजलाय," तो म्हणाला. "दहा, अकरा, बारा बघ. आकडे कसे धारदार आहेत. हा वापरातला आहे."

"दीडशे वर्षांत कधीतरी वापरला असेल कुणीतरी."

"बरं, पोरी," तो म्हणाला. तो मला पोरी म्हणतो. मी अडुसष्ट वर्षांची आहे.

ऑगस्टअखेर आणखी एकदा तसंच झालं. या खेपेला मी घड्याळ लावून बसले. साडेबाराला बिल्ला व्हॉल्व्हपाशी होता, एकला पाच कमी असताना जागेवर आलेला होता. मधल्या वेळात कीथ माझ्या डोळ्यांसमोर बसून अंडं सोलत होता. तेव्हा मी ठरवलं की हे बाहेरच्या कुणाचं तरी काम आहे, मागच्या कुंपणातून येणाऱ्या कुणा रिकामटेकड्याचं, आणि कुंपणाला तार मारून घेतली. खरं सांगायचं तर मला भीती अशी वाटलीच नाही. आयुष्यभर मी लोकांच्या मनातल्या भीतीवर हातोडीने ठोकून आवाज ऐकत आले आहे. पोकळ असेल तर कळतं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी मुद्दाम राखून ठेवलं. रविवारी यंत्र चाललं की चहाबरोबर वाचायचं, आणि मग सिरिलला निरोप, असा माझा बेत होता.

रविवार उजाडला तो स्वच्छ. पहाटेच बॉयलर पेटवला होता, दुपारपर्यंत वाफ मस्त चढली. लोक भरपूर आले. त्यात लिंकनहून आलेली, असल्या पुस्तकांतल्यासारखे वेष करणारी हौशी मंडळी होती, उंच टोप्या, पितळी चष्मे, बायकांच्या कमरेला घट्ट कातडी पट्टे. खास आमच्यासाठी नटून आली होती बिचारी. एका पोरीच्या छत्रीच्या मुठीला खरा वाफेचा काटा बसवलेला पाहून माझं मन इतकं भरून आलं की मी तिला फुकट बिस्कीट दिलं. सिरिल बापाची काळी वास्कट घालून आला होता. दाढी घोटलेली, बुटांना पॉलिश. यंत्र दोनला सुरू होणार आणि त्याची मुलगी चारला गाडी घेऊन येणार.

दोनला पाच कमी असताना सिरिलने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि काढून घेतला.

फळीवर नऊ नंबर होता.

"मी नाही, ऑड्री," कीथ हळूच म्हणाला. "आईशप्पथ." त्याचा चेहरा उतरला होता.

आम्ही आठही जण तिथंच उभे होतो. दोरीपलीकडे लोक कॅमेरे रोखून.

"थांबू जरा," सिरिल म्हणाला. "येईल तो."

"कोण?"

"ज्याचा आहे तो."

आम्ही थांबलो. लोकांना सांगितलं, वाफ अजून चढायची आहे. अडीच झाले. सिरिल स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर. तीन झाले. काही लोक गाड्यांकडे निघाले. छत्रीवाली पोरगी येऊन विचारून गेली, आज होणार आहे की नाही. म्युरिएलचे डोळे भरून आले होते, कारण सिरिल एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता.

"तो मागच्या वेळेलाही आपणहून आला," तो म्हणाला. "घाई करू नका."

तीन वाजून दहा मिनिटं.

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. या माणसाने साठ वर्षं या यंत्राला जपलं, तासाभरात त्याला समुद्राकाठी नेऊन ठेवणार, आणि कुठल्या तरी टवाळाने लावलेल्या पितळेच्या चकतीपायी तो हात बांधून बसलाय.

"मी आत बघून येते," मी म्हटलं.

मी माझा चार नंबर काढला, नऊशेजारी लावला, विजेरी घेतली आणि लोखंडी दारातून वाकून आत गेले.

आत गार होतं. शेवाळाचा आणि लोखंडाचा वास. चाकाच्या फळ्यांवरून पाणी ठिबकत होतं. मी खालच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारली, पाठ भिंतीला लावून, दर फळीमागे उजेड पाडत. तळाच्या पाण्यात काठी घालून पाहिली. वर पाहिलं. मागच्या कोपऱ्यात, जिथं गाळ काढायला माणूस बसतो, तिथला दगड पाहिला.

"कुणी आहे का?" मी विचारलं. दोनदा विचारलं, नीट थांबून.

कुणी नव्हतं. मी आजही हेच सांगेन. त्या खोलीत कुणी नव्हतं.

मी बाहेर आले, माझा बिल्ला काढला आणि त्याच हाताने नऊ नंबरही काढला.

सिरिल उभा राहिला.

"दोन्ही तूच काढलेस?"

"आत कुणी नाही, सिरिल. मी स्वतः पाहिलं. एकतीस वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर बॉयलर पेटवलेत."

"ते ठाऊक आहे मला."

"मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग व्हॉल्व्हकडे, मग दारातल्या लोकांकडे. त्याला ते किती हवं होतं ते त्याच्या बोटांत दिसत होतं.

"तुझ्या शब्दावर हं, पोरी," तो म्हणाला आणि वाफ सोडली.

तुळई हलली. डोक्यावरचं ते अवजड लोखंड सावकाश वर गेलं, खाली आलं. भिंतीपलीकडे चाकाने पाण्याला पहिली थाप मारली.

पहिल्याच फेऱ्यात एक अडखळ आली.

काटा दोन अंश खाली गेला आणि परत वर आला. यंत्राने एक दम धरला, सोडला. मग चाल सुरळीत झाली.

"काहीतरी आलं," सिरिल म्हणाला.

"शेवाळ," मी म्हटलं.

"शेवाळ मऊ असतं."

पुढची वीस मिनिटं यंत्र असं चाललं की मी सांगू शकत नाही. लोक टाळ्या वाजवत होते, पितळी चष्मे डोक्यावर सारून पाहत होते. मुलगी वेळेआधीच आली होती, तिने बापाचे फोटो काढले. सिरिलने स्वतःच्या हाताने यंत्र थांबवलं, फडक्याने व्हॉल्व्ह पुसला आणि तेच फडकं घडी करून खिशात घातलं. मी रडले. सगळ्यांनी पाहिलं तरी रडले.

चहाला म्युरिएलने बरोब्बर आठ मग भरले.

"चला, खुनी सांगा," सिरिल म्हणाला. "वाटेत मेलो तर जीव अडकून राहायचा माझा."

मुलगी गाडीत सामान लावत होती तोवर मी शेवटचं प्रकरण वाचलं. थर्झा पेल सातही कामगारांना एकेक करून वाफेच्या सत्ययंत्रावर बसवते. माणूस खोटं बोलला की काटा थरथरतो. ती प्रत्येकाला विचारते, हा माणूस तू ओळखतोस का. सातही जण नाही म्हणतात. काटा सातही वेळा जागचा हलत नाही. सातही जण खरं बोलत असतात. मग ती त्यांना एकच प्रश्न विचारते, त्या दिवशी फळीवरचा बिल्ला काढला कुणी. एकजण हात वर करतो आणि म्हणतो, मी काढला, बाई, आत कुणी नव्हतं, मी स्वतः पाहिलं. तेव्हाही काटा हलत नाही.

पुढचं पान कोरं होतं.

"ही काय फसवणूक?" मी म्हटलं. "प्रेताचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. पाचशे पानं वाचून हे?"

कीथने धुराड्याचा आवाज काढला नाही.

"शेवटी सात जण होते म्हणतेस," सिरिल म्हणाला.

"सुरुवातीपासून सातच होते."

"असं त्यांना वाटत होतं," तो म्हणाला. त्याने मला जवळ घेतलं, गालाचा मुका घेतला आणि मुलीच्या गाडीत जाऊन बसला. गाडी कालव्याच्या कडेने बराच वेळ दिसत राहिली.

पाचपर्यंत लोक गेले. आवराआवर करताना कीथने कोळशाच्या शेडमागून हाक मारली. तिथं सावलीत एक कुत्रं बसलं होतं. तपकिरी, म्हातारं, तोंडावरचे केस पांढरे झालेले. शेजारी पाण्याचं भांडं होतं, आमच्याच स्वयंपाकघरातलं.

"कुणाचं हे?" कीथने विचारलं.

"विसरून गेला असेल कुणीतरी," म्युरिएल म्हणाली. "कसली माणसं असतात."

गाड्या लावायच्या जागेवर आमच्याच गाड्या उरल्या होत्या. त्यापलीकडे एक जुनी हिरवी व्हॅन होती. ती कुणाची, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मी वाकून कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा पाहिला. साधा कातडी पट्टा, नाव नाही, फोनचा नंबर नाही. कुत्रं उठलं. त्याने आम्हाला हुंगलंही नाही. म्युरिएलच्या पायाला अंग घासून ते पंपघरात शिरलं, सरळ लोखंडी दारापाशी गेलं आणि पंजांनी दार ओरबाडायला लागलं. आवाज कानाला सहन होईना.

मी मागोमाग गेले.

"ब्रॅम्बल, पुरे आता," मी म्हटलं. "सोड ते दार."

कुत्र्याने लगेच दार सोडलं आणि माझ्या पायाशी येऊन बसलं.